जर्मनचा विद्यापीठीय अभ्यास : नागझिऱ्याच्या अरण्यातून जाणारी वाट

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्य आणि जर्मन भाषा यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू यांचे हे पानझडीचे जंगल १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. मराठी वाचकाला मात्र ते त्याआधीच परिचित होते, ते प्रामुख्याने दोन लेखकांमुळे. व्यंकटेश माडगूळकर यांनी तेथील मुक्कामावर ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांध-नागझिऱ्याच्या परिसरात दीर्घकाळ वास्तव्य केले आणि तेथील पशुपक्ष्यांना मराठी साहित्यात हक्काचे स्थान मिळवून दिले.

या दोघांच्याही लेखनप्रवासात जर्मन येते. माडगूळकरांचे ‘देवाजीने करुणा केली’ हे नाटक जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्ट यांच्या कृतीचे रूपांतर आहे. चितमपल्ली यांनी संस्कृत साहित्याच्या अध्ययनाबरोबर जर्मन आणि रशियन या भाषांचाही अभ्यास केला होता. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही. अरण्य, पक्षी, प्राचीन ग्रंथ, लोकदैवते किंवा नाटक यांपैकी कोणत्याही विषयाचा माग काढत गेले, की अभ्यासकाला कोठे ना कोठे जर्मन ग्रंथ भेटतोच. जर्मनकडे आज मुख्यतः परदेशातील नोकरीची भाषा म्हणून पाहिले जाते. विद्यापीठात शिकविला जाणारा हा विषय त्याहून कितीतरी व्यापक आहे आणि महाराष्ट्राशी असलेले त्याचे नाते दीडशे वर्षांहून जुने आहे.

वनशास्त्राची भाषा

भारतातील सरकारी वनव्यवस्थापनाचा पाया घालणारे पहिले तीन प्रमुख अधिकारी जर्मन होते. बॉन येथे १८२४ मध्ये जन्मलेले डिट्रिख ब्रँडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलांत काम केल्यानंतर १८६४ मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्यांच्यानंतर विल्हेल्म श्लिख आणि बेर्टहोल्ड रिबेनट्रॉप यांनी ती जबाबदारी सांभाळली. वायव्य व मध्य भारतातील वृक्षवनस्पतींवरील ब्रँडिस यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचा गोंदिया-भंडारा परिसर त्या काळी मध्य प्रांतात मोडत होता.

ब्रिटिश सरकारने या कामासाठी जर्मन तज्ज्ञ निवडले, कारण वनशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र म्हणून प्रथम जर्मन प्रदेशांत आकाराला आले होते. सॅक्सनीतील खाणींना लागणाऱ्या लाकडाचा तुटवडा पडू लागला, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या खाण अधिकाऱ्याने १७१३ मध्ये वृक्षसंवर्धनावर ग्रंथ लिहिला. जितके लाकूड पुन्हा वाढेल तितकेच तोडावे, हा त्यातील विचार. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘शाश्वत विकास’ या संकल्पनेचे एक मूळ या ग्रंथात दाखविले जाते. ‘नाखहाल्टिगकाइट’ हा त्यासाठीचा जर्मन शब्द या वनविचारातूनच रूढ झाला.

या वारशाला दुसरी बाजूही आहे. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांवरील सरकारी ताबा घट्ट झाला आणि जंगलावर जगणाऱ्या समाजांचे हक्क आकसले. गावांसाठी स्वतंत्र वने असावीत, असा ब्रँडिस यांचा आग्रह होता. व्यवहारात तो फारसा उतरला नाही. ही ऐतिहासिक अन्यायाची बाब संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात मान्य केली. वनव्यवस्थापनाचा हा इतिहास मुळातून समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला इंग्रजी कागदपत्रांबरोबर जर्मन ग्रंथही वाचावे लागतात.

बर्लिनमधील दोन विद्यार्थी

१९२०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातून दोन अभ्यासक बर्लिनला गेले. मुंबईचे सालिम अली यांनी तेथील प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या मार्गदर्शनाखाली पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. श्ट्रेझेमान हे त्या काळातील अग्रगण्य पक्षितज्ज्ञ होते आणि त्यांचा पक्ष्यांवरील बृहद्ग्रंथ जर्मन भाषेत होता. सालिम अली त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे केलेला सुगरण पक्ष्याचा अभ्यास प्रसिद्ध आहे. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये आले आणि त्याने पक्षिनिरीक्षकांच्या अनेक पिढ्या घडविल्या.

दुसऱ्या अभ्यासक इरावती कर्वे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला पोहोचल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असमतेवर संशोधन केले. कवटीच्या मोजमापावरून वंशांची श्रेष्ठ-कनिष्ठता दाखविता येते, या धारणेला त्यांच्या मोजमापांनी आधार दिला नाही. मार्गदर्शकाच्या गृहीतकाविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी तसाच मांडला. ज्या विचारसरणीने पुढील काही वर्षांत जर्मनीत संहार घडविला, तिच्या ऐन उदयकाळात एका मराठी संशोधिकेने दाखविलेला हा प्रामाणिकपणा होता. एखाद्या संस्कृतीचा अभ्यास म्हणजे तिचे गुणगान नव्हे, हे समजावून सांगण्यासाठी याहून समर्पक उदाहरण शोधावे लागणार नाही. आजच्या जर्मन अभ्यासक्रमातही १९३३ ते १९४५ या नाझी कालखंडाचे आणि त्याच्या स्मृतीचे स्थान मध्यवर्ती आहे.

पुणे, मुंबई आणि गॉटिंगेन

महाराष्ट्रात जर्मन विद्वत्तेचा शिरकाव झाला तो संस्कृतच्या मार्गाने. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्यात संस्कृत अध्यापनासाठी आले. गेऑर्ग ब्यूलर यांनी १८६३ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. फ्रान्त्स कीलहॉर्न १८६६ ते १८८१ या काळात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. पुण्यातील शास्त्रीपंडितांची पाठांतर व टीकापरंपरा आणि जर्मन विद्यापीठांतील हस्तलिखितांच्या तौलनिक चिकित्सेची पद्धती यांची गाठ येथे पडली. कीलहॉर्न पुढे गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठाने १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

या परंपरेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखटणकर हे बर्लिनमध्ये हाइन्रिख ल्युडर्स यांच्याकडे शिकले होते. मूळ संहितेचे हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले.

देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. हायडेलबर्ग विद्यापीठातील ग्युंटर-डिट्झ सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातील धनगर समाज, खंडोबा, बिरोबा आणि म्हसोबा-म्हस्कोबा या दैवतांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ म्हणजे अरण्य आणि नांगरलेली वस्ती यांतील ताण व देवघेव, या सूत्रातून त्यांनी अनेक लोकदैवतांची उकल केली. जंगलाच्या कडेला वसलेल्या कोणत्याही गावाला हे सूत्र परके वाटणार नाही. व्हिएन्नात शिकलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर केलेले काम असेच महत्त्वाचे आहे. मराठी आणि गोंडी समाजजीवनाविषयीची काही मौलिक निरीक्षणे अशा रीतीने जर्मन भाषकांच्या लेखणीतून उतरली आहेत.

‘गेर्मानिस्टिक’ म्हणजे काय?

जर्मन भाषा, साहित्य व संस्कृती यांच्या विद्यापीठीय अभ्यासाला जर्मनमध्ये ‘गेर्मानिस्टिक’ असे म्हणतात. या विद्याशाखेच्या उभारणीत याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंचा वाटा मोठा आहे. जगभर ते परीकथांचे संकलक म्हणून ओळखले जातात. त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये आला. मात्र ते मूलतः भाषाशास्त्रज्ञ होते. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा त्याचा निषेध करणाऱ्या गॉटिंगेनच्या सात प्राध्यापकांत हे दोघे होते आणि त्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली. त्यानंतर त्यांनी हाती घेतलेल्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला आणि तो कोश पुरा व्हायला एका शतकाहून अधिक काळ लागला.

आजच्या अभ्यासक्रमाचे साधारणपणे चार भाग पडतात. पहिला भाग भाषेवरील प्रभुत्वाचा. दुसरा भाषाशास्त्राचा, त्यात ध्वनी, वाक्यरचना, अर्थविचार आणि भाषेचा इतिहास येतो. तिसरा साहित्याचा; लेसिंग, गटे व शिलरपासून हाइने, काफ्का, थॉमस मान, ब्रेख्ट आणि युद्धोत्तर काळातील हाइन्रिख ब्योल, ग्युंटर ग्रास, क्रिस्टा वोल्फ यांच्यापर्यंतचे लेखक त्यात येतात. चौथा भाग संस्कृती व समाजाचा. दोन महायुद्धे, १९४९ ते १९९० या काळातील दोन जर्मनी, १९६१ मध्ये उभी राहिलेली आणि १९८९ मध्ये कोसळलेली बर्लिनची भिंत, तुर्कस्तानातून आलेले कामगार व त्यांच्या पुढील पिढ्यांचे जर्मन साहित्य, हे सारे त्यात मोडते. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील जर्मन लेखनाचाही अभ्यास केला जातो. काफ्का तर प्रागचे होते.

मराठी विद्यार्थ्याला या भाषेत काही गोष्टी अनपेक्षितपणे सोप्या जातात. इंग्रजी आणि हिंदीत नसलेली तीन व्याकरणिक लिंगे मराठीप्रमाणे जर्मनमध्ये आहेत. ‘तो, ती, ते’ अंगवळणी असलेल्याला ‘डेर, डी, डास’ ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. अर्थात कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते. जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी आहे, सूर्य स्त्रीलिंगी आणि ‘मुलगी’ या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही मराठी कानाला सवयीचे. संस्कृत समासांशी परिचय असलेल्याला लांबलचक जोडशब्दांची भीती वाटत नाही.

‘वाल्टआइनझामकाइट’ हा असाच एक शब्द. ‘वाल्ट’ म्हणजे अरण्य आणि ‘आइनझामकाइट’ म्हणजे एकटेपण. लुडविग टीक यांनी १७९७ मधील एका कथेत वापरलेला हा शब्द जर्मन स्वच्छंदतावादाची खूण ठरला. अरण्यातील एकांताची भीती आणि ओढ असे दोन्ही अर्थ त्यात एकवटलेले आहेत. शब्दकोश पाहून त्याचा अर्थ कळतो. तो शब्द त्या काळच्या लेखकांना एवढा जवळचा का वाटला, हे समजण्यासाठी ग्रिम बंधूंच्या कथा, त्या काळची चित्रकला आणि वाढत्या कारखानदारीचा इतिहास यांची जोड लागते. भाषावर्ग आणि विद्यापीठीय अभ्यास यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

अनुवाद आणि रंगभूमी

मराठीला जर्मन साहित्य सर्वाधिक भेटले ते रंगभूमीवर. पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ हे ब्रेख्टच्या १९२८ मधील संगीतिकेचे रूपांतर. चिं. त्र्यं. खानोलकर यांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हेही ब्रेख्टचेच. ते विजया मेहता यांनी पूर्व जर्मनीतील दिग्दर्शक फ्रित्स बेनेवित्स यांच्या सहयोगाने रंगभूमीवर आणले. पुण्यात १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने रुजलेल्या ‘ग्रिप्स’ बालनाट्य चळवळीचे मूळ बर्लिनमध्ये आहे. तमाशा, दशावतार यांसारख्या लोकनाट्यांत प्रेक्षकाशी थेट बोलण्याची जी रीत आहे, तिचे ब्रेख्टच्या नाट्यविचाराशी सहज जुळले.

मराठीत येणारे परदेशी साहित्य बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने येत राहिले आहे. थेट जर्मनमधून मराठीत अनुवाद करू शकणारी माणसे थोडी आहेत. ती घडविणे हे विद्यापीठीय जर्मन विभागांचे एक महत्त्वाचे काम आहे. कारण साहित्याच्या अनुवादकाला परीक्षेपुरती भाषा पुरत नाही.

शिक्षणाच्या सोयी

महाराष्ट्रात जर्मनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रमुख केंद्रे पुणे आणि मुंबई ही आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तेथे प्रमाणपत्रापासून एम. ए.पर्यंत शिक्षण मिळते. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिना येथील विद्यानगरीत आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीसाठी जर्मन घेता येते. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे बी. ए.पासून पुढचे अभ्यासक्रम आहेत. बारावीपर्यंत जर्मन न शिकलेल्यांनाही तेथे पदवीला प्रवेश घेता येतो. गटे इन्स्टिट्यूटची भारतातील केंद्रे ‘मॅक्स म्युलर भवन’ या नावाने ओळखली जातात. पुणे व मुंबई येथे ती आहेत. ज्यांचे नाव या संस्थांना दिले गेले ते मॅक्स म्युलर आयुष्यात कधीही भारतात आले नव्हते.

भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२ अशा सहा आहेत. दैनंदिन व्यवहारासाठी बी-१ पुरेशी ठरते. जर्मनीतील विद्यापीठात जर्मन माध्यमातून शिकण्यासाठी साधारणतः सी-१च्या आसपासची तयारी लागते आणि ‘टेस्टडाफ’ किंवा ‘डीएसएच’ या परीक्षांद्वारे ती सिद्ध करावी लागते. जर्मनीत पदवी सामान्यतः सहा सत्रांची व पदव्युत्तर शिक्षण चार सत्रांचे असते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. निर्वाहखर्चाची तरतूद दाखविण्यासाठी २०२४ मध्ये वर्षाला ११,९०४ युरो ही रक्कम ठरविण्यात आली होती. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी ‘एपीएस’चे प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. १९२५ मध्ये स्थापन झालेली ‘डाड’ ही संस्था शिष्यवृत्त्या देते. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीच्या अटी पडताळून पाहाव्यात.

गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला संलग्न आहेत. साकोली किंवा तिरोड्याच्या विद्यार्थ्याला जर्मनची सुरुवात करायची तर नागपूर हे जवळचे मोठे शहर; एम. ए. करायचे तर पुणे-मुंबई गाठावी लागते. वसतिगृह, प्रवास आणि शहरातील खर्च यांचा हिशेब अनेकदा विषयाची निवड ठरवून टाकतो. दूरस्थ वर्गांमुळे प्राथमिक पातळ्यांचे अंतर कमी झाले असले, तरी साहित्याच्या चर्चेला ग्रंथालय आणि शिक्षक यांचे सान्निध्य लागतेच.

नोकरीची भाषा आणि ज्ञानाची भाषा

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुणांना जर्मन शिकविण्याची चर्चा त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. ग्रामीण भागातील तरुणाला ही संधी मोलाची वाटणे स्वाभाविक आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु केवळ मागणीवर उभे राहिलेले भाषाशिक्षण मागणीबरोबर ओसरते. धोरण बदलले की वर्ग बंद पडतात. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या करारानुसार तिसरी भाषा म्हणून सुरू झालेली जर्मन २०१४ मध्ये सत्राच्या मध्येच हटविण्यात आली आणि तिच्या जागी संस्कृत किंवा अन्य भारतीय भाषा घेण्यास सांगण्यात आले. वाद संस्कृत विरुद्ध जर्मन असा रंगला. हाउग, कीलहॉर्न आणि भांडारकर यांच्या महाराष्ट्रात तरी या दोन भाषा एकमेकींच्या वैरिणी कधीच नव्हत्या.

भाषावर्गांना शिक्षक लागतात आणि चांगले शिक्षक विद्यापीठांतील विभागांतूनच तयार होतात. साहित्य आणि संस्कृतीचा अभ्यास हा रोजगाराच्या आड येणारा चैनीचा भाग नाही. वर्गाच्या मुळाशी असलेली ती ओल आहे. जर्मनीतील रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेलाही वृद्ध रुग्णाचे बोलणे कळण्यासाठी शब्दांपलीकडचे काही ठाऊक असावे लागते.

मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी निधन झाले. कोइमतूरला वनशिक्षण घेतलेल्या या अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून भाषा शिकल्या. गोंड व अन्य वनवासींच्या तोंडची पशुपक्ष्यांची नावे त्यांनी टिपली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला आणि ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणला. परभाषा त्यांना अरण्यापासून दूर घेऊन गेली नाही. नागझिऱ्याच्या परिसरात आज शाळेत बसणाऱ्या एखाद्या मुलीने उद्या गॉटिंगेनला वनशास्त्र शिकायला किंवा पुण्याला ब्रेख्ट वाचायला जाण्याचे ठरविले, तर तिच्यासाठी वाट आधीच पडलेली आहे. ती वाट गोंदियापासून सुरू होईल अशी सोय करणे, हे विद्यापीठांचे आणि शासनाचे काम आहे.